पहिल्या पानाला लाभ

८ सप्टेंबर, सोमवार

ही डायरी बायकोने, साधनाने दिली. एका औषध कंपनीने तिच्या लॅबला फुकट वाटलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची जाहिरात. म्हणाली, "बोलायचं नसंल तर लिवा तरी. धा दिस झालं, घरात नुसतं हूं आन् हूं."

दहा नाही, नऊ. मोजण्याच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये.

तीस ऑगस्टला ज्ञानेश्वर शेठने गाळ्यावर कॅमेरा बसवला. गाडीत चढणारा प्रत्येक क्रेट तो मोजतो आणि आकडा शेठच्या मोबाइलवर दिसतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हेच काम मी अकरा हंगाम करतोय. हमाल क्रेट चढवतात, मी फळीशी उभा राहून मोजतो. वीस क्रेट झाले की एक टोमॅटो बाजूला काढून ठेवायचा. पाच टोमॅटो म्हणजे शंभर. अकरा हंगामात एकाही गाडीला एका क्रेटचा फरक आलेला नाही. शेठ माणूस चांगला आहे. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गोकुळ, ह्यो हंगाम तुझा. फुडच्या हंगामाला मोजणीला माणूस लागायचा न्हाई. तुझ्यासाठी काय तरी बघू."

पोटापाण्याची भीती नाही, साधनाचा पगार आहे. पण बेचाळिसाव्या वर्षी माणसाला एकच गोष्ट चांगली येते आणि तीच भिंतीवरचा डबा करून दाखवतो, ह्याचा राग येतो. लिहून बरं वाटलं असं काही नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज बरंच लिहायचं आहे.

गेणभाऊ आमच्या गाळ्याचा माल गोव्याला म्हापशाच्या बाजारात नेतो. घोडेगावचा ड्रायव्हर, तोंडाला कुलूप नाही. चहा पिता पिता म्हणाला, "राव, पणजीला नदीत बोटी हायेत. आत नुसता जुगार. त्यात एक एकवीसचा डाव असतो. पानं ध्यानात ठिवणारा माणूस आला की त्याला हाकलून देत्यात म्हणं, इतकं घाबरत्यात." मग त्याने मोबाइलवर एक हिंदी व्हिडिओ दाखवला. मी तो चार वेळा पाहिला.

प्रकार सोपा आहे. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान पडलं की आकडा एकने वाढवायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वीला काही करायचं नाही. दश्शीपासून एक्क्यापर्यंत एकने कमी करायचा. आकडा चढला म्हणजे छोटी पानं संपत आली, मोठी उरली, आणि डाव आपल्या बाजूला झुकला. तेव्हा पैसे जास्त लावायचे. बस. पाठांतर नाही, नशीब नाही, नुसती मोजणी. हे तर माझंच काम, आणि इथे मोजणाऱ्याला लोक घाबरतात.

अडचण पैशांची. साधनाने साठ हजार जमवलेत. जुना मायक्रोस्कोप घेऊन वारूळवाडीत स्वतःची छोटी लॅब काढायची, असा तिचा सहा वर्षांचा मनसुबा. रिपोर्टवर सही करायला मंचरचे एक डॉक्टर तयार आहेत. तेच साठ मागायचं अवघड होतं. पण मी तिला सगळं गणित समजावून सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ह्ये शिकायला बसलात तर येळेवर जेवाल का?"

"जेवीन की."

"मंग बसा. कवा जायाचं?"

"हंगाम संपला की. नोव्हेंबरात."

माझं गणित पटलं तिला. शिकलेल्या बायकोचा हा फायदा.

२१ सप्टेंबर, रविवार

रोज संध्याकाळी तास-दीड तास सराव. साधना पानं टाकते, मी मोजतो. बावन्न पानं संपली की आकडा शून्यावर यायला पाहिजे, कारण वाढवणारी वीस आणि कमी करणारी वीस.

सोमवारी दोन आले. मंगळवारी एक. बुधवारी बरोबर शून्य, गुरुवारी पुन्हा दोन. मी पानं मोजली, बावन्नच आहेत. एक-एक पान उलटून पाहिलं, चारही रंग पुरे. तरी हा पत्त्यांचा कॅट गणपतीत मंडळात वापरलेला, त्याचा भरवसा नको. शनिवारी जुन्नरला गेलो आणि बाजारपेठेतून नवा कोरा कॅट आणला.

नव्यावर आज एक आला.

२४ सप्टेंबर, बुधवार

दोन, शून्य, एक. साधना चिठ्ठीवर काहीतरी लिहीत असते. विचारलं तर म्हणाली, वाणसामान.

३० सप्टेंबर, मंगळवार

भांडण झालं. न्याय करायला कुणी नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

आज दोन आल्यावर साधनाने चिठ्ठी पुढे केली. वाणसामान नव्हतं. नऊ दिवसांची यादी होती. डाव्या बाजूला आलेलं पहिलं पान, उजव्या बाजूला माझा शेवटचा आकडा. पहिलं पान छोटं आलं त्या दिवशी शून्य. सत्ती, अठ्ठी, नव्वी आली त्या दिवशी एक. राजा-राणी-एक्का आला की दोन.

"पैल्या पानाला तुमी काय म्हणता?" तिने विचारलं.

"काय म्हणणार? लाभ."

"पान कुठलं बी असू द्या, तुमी लाभ म्हणता आन् एक धरता. तिथंच चुकतंय."

आता लाभ म्हणणार नाही तर काय म्हणणार? आमच्या खळ्यावर पायलीने धान्य मोजायचे तेव्हा वडील पहिल्या मापाला एक कधी म्हणाले नाहीत. पहिलं माप लाभ, मग दोन, मग तीन. मी शाळेत जायच्या आधी हे शिकलो. अकरा हंगामांतल्या प्रत्येक गाडीचा पहिला क्रेट लाभ म्हणून चढलाय. मी तिला म्हणालो, बापाची रीत सोडायला सांगू नकोस. ती म्हणाली, "बापानी धान्य मोजलं. पायली वजा व्हती का कवा?"

मी जेवलो नाही. नंतर जेवलो.

चिठ्ठी पुन्हा पाहिली. बाईचं बरोबर आहे. आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती तिला सांगितलेली नाही. गाडीत चढलेला क्रेट खाली उतरत नाही. माझी उभ्या जन्मातली मोजणी फक्त चढती. उतरती मोजणी मला कधी करावीच लागली नव्हती.

६ ऑक्टोबर, सोमवार

आता पहिल्या पानाला ओठ घट्ट मिटून घेतो. चार दिवसांत तीनदा शून्य.

साधनाला एक खोड लागली आहे. पानं संपली की माझ्या आधीच आकडा बोलते. आज तर कुकरच्या शिट्ट्या मोजत पानं टाकत होती, तरी शेवटी "झिरो" म्हणाली आणि गॅस बंद करायला गेली. बरोबर होतं. मी म्हणालो, शेवटी शून्यच येणार हे ठाऊक असल्यावर कुणीही सांगेल. मग तिने मधेच थांबून सांगितलं, "आता उणे तीन." माझे उणे दोन होते. पानं उलटून पाहिली. जाऊ दे.

लॅबमध्ये ती रक्ताची काच बघून पाच जातींच्या पेशी एकदम मोजते, त्यामुळे थोडी सवय असणार. पण तिथे बटणं दाबायचं यंत्र असतं. यंत्राने कुणीही मोजेल.

मग विचारते, "पडलेली पानं त्यांनी लगीच परत मिसळली तर?"

"अशी कशी मिसळतील? सगळी संपल्यावरच पिसतात. व्हिडिओत आहे."

"व्हिडिओ कुठला हाय?"

कुठला का असेना. बायकांना शंका फार.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीची झाडलोट, तरी सराव बुडवला नाही. तिथे एकदम सहा कॅट असतात. किती पानं झाली हेही लक्षात ठेवावं लागतं. त्यावर मी माझाच उपाय काढला. वीस पानं झाली की एक चिंचोका बाजूला. बाजारात टोमॅटो, इथे चिंचोका. डोकं मोकळं राहतं. साधनालाही पटलं. म्हणाली, "ह्ये मातर लई ब्येस हाय." तिने कौतुक करावं असं फार दिवसांनी झालं.

वजन दोन किलो वाढलंय. तिनेच लॅबमधल्या काट्यावर उभं केलं आणि उगाच खूश झाली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

साधना एकटी पुण्याला जाऊन आली. काय तर म्हणे ब्लाउजपीस बदलायचा होता. सकाळी सातच्या एसटीने गेली, संध्याकाळी आली, आणि हातात पिशवीसुद्धा नाही. ब्लाउजपीस कुठाय विचारलं तर म्हणाली, रंग पसंत पडला नाही. जायच्या-यायच्या भाड्यात दोन ब्लाउजपीस आले असते. पण चेहरा असा की जणू लॉटरी लागली. रात्री गाणं गुणगुणत भांडी घासली. ह्या बाईचं काही कळत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

संकष्टी. ओझरला जाऊन आलो. विघ्नहराच्या समोर हात जोडले तेव्हा जिंकू दे असं म्हणायला जीभ रेटेना. जुगारात देवाला ओढायचं बरं दिसत नाही. एवढंच म्हणालो, मोजणी चुकू देऊ नको. पुढचं माझं मी बघतो.

साधनाने पैशांचं पाकीट तयार केलंय. चिकटवून टाकलंय. तिथे गेल्यावरच उघडायचं, असं तिने बजावलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

हंगामातली माझी शेवटची गाडी. शेवटची मोजणी म्हणा. नेमकी गेणभाऊची, म्हापशाची. आम्ही दोघं त्याच गाडीने निघणार, भाडं वाचतंय.

लाभ म्हणून सुरुवात केली. तीस टोमॅटो आणि वर अकरा. सहाशे अकरा. शेठने मोबाइल बघितला आणि म्हणाला, "सहाशे बारा दावतंय." मी म्हणालो, सहाशे अकरा. शेठ म्हणाला, "आसंल रं, एखादा इकडं तिकडं. पावतीवर बारा लिव." मी पेन खाली ठेवलं. शेवटी त्यानेच लिहिलं.

केबिनमध्ये बसून लिहितोय, अक्षर हलतंय. गेणभाऊ साधनाला वहिनी वहिनी करून घाटातल्या हॉटेलांची नावं सांगतोय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

म्हापशात गाडी खाली झाली. मी मोजत उभा राहिलो, मला तिथे कुणी सांगितलं नव्हतं. सहाशे अकरा. तिथल्या माणसानेही अकराच लिहून घेतले.

शेठला फोन लावला. म्हणालो, "शेठ, अकराच भरले. तुमचा कॅमेरा चुकला."

शेठ म्हणाला, "आसं का? बरं झालं सांगितलंस. मशीन दुरुस्त करून घेतो."

एवढंच. मी फोन खिशात टाकला. साधनाने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, उद्या बोटीवर बघू कोण चुकतंय ते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बोटीवर दुपारी दोनला गेलो. छोट्या होडीने नेऊन सोडतात. आत गालिचा इतका मऊ की चप्पल रुतते. तिकिटात जेवण होतं, साधनाने आधी ताट वाढून घेतलं.

पाकीट फोडलं तर आत वीस हजार.

"बाकीचे?" मी विचारलं.

"बाकीचे माझ्या कामाला लागले. पुण्याला गेले व्हते तवाच मायक्रोस्कोपचे दिऊन आले. वीस तुमचे, चाळीस माझे." आणि वर पापड खायला लागली.

तेव्हा ब्लाउजपीसचा उलगडा झाला. भांडायचं होतं, पण एवढ्या गालिच्यावर भांडवत नाही. शिवाय वीस हजारही मोजणाऱ्याला पुष्कळ. पाचशे-पाचशेच्या चाळीस चकत्या घेतल्या आणि एकवीसच्या टेबलावर बसलो. आम्ही पाच गिऱ्हाइकं, पलीकडे पानं वाटणारी मुलगी, पांढरा शर्ट, केस चापून बांधलेले. साधना मागच्या उंच खुर्चीवर, पडणारी पानं दिसतील अशी, ताट घेऊन.

पहिलं पान पडलं, राणी. तोंडातून "लाभ" गेलंच. शेजारच्याने माझ्याकडे पाहिलं. मी मनात उणे एक करून घेतला आणि पुढे चुकलो नाही. खरंच सांगतो, एकही पान चुकलो नाही.

एका फेरीत साधारण वीस पानं पडायची. चिंचोके खिशात होते, पण त्या टेबलावर चिंचोका काढायची लाज वाटली. म्हणून वीस पानं झाली की एक चकती बाजूला, पैसे लावायच्या माझ्या गोलाच्या बाहेर, पुढच्या अंगाला ठेवली. ती मुलगी गोड हसली, चकती उचलून टेबलावर टिचकीसारखी वाजवली, "थँक्यू सर" म्हणाली आणि तिच्या बाजूच्या फटीत टाकली. मला वाटलं, टेबलावर पसारा चालत नसेल, जाताना परत देतील. तिच्याकडे माझी एक, असं मनात धरलं. पुढच्या वीसला दुसरी. पुन्हा थँक्यू सर. वळण फार चांगलं तिचं. दर वेळी तितकंच हसायची.

आकडा नऊवर गेला तेव्हा मी हजार लावले. हरलो. अकरावर गेला, पुन्हा हजार, जिंकलो. नंतर आकडा कितीही चढला तरी मोठी पानं येण्याचं काही नाव नव्हतं. माझी मोजणी बरोबर आणि डाव चूक, असं कसं होईल? त्या मुलीकडे माझ्या एकोणीस झाल्या तेव्हा साधना येऊन मागे उभी राहिली. एक फेरी तिने नुसती पाहिली. मग माझ्या कानाशी वाकली.

"अहो, पानं निघत्यात त्याच मशिनीत ती पडलेली पानं परत टाकतीया. दर खेपेला. आतल्या आत मिसळत्यात."

मी पाहिलं. खरंच टाकत होती. पाऊण तास माझ्या नाकासमोर टाकत होती. मी फक्त पानांचे आकडे पाहिले होते.

"आन् तुमी तिला चकत्या कशापायी देताय?"

"देत नाही. ठेवायला दिल्यात. एकोणीस आहेत."

उठलो आणि मुलीकडे एकोणीस चकत्या परत मागितल्या. तिला कळेना. तिथला साहेब आला. हिंदीत, अगदी आदराने म्हणाला, "सर, वो तो टिप थी." गोलाच्या पुढे ठेवलेली चकती वाटणाऱ्याची बक्षिसी, असा तिथला रिवाज. सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. मला लाज वाटली. अशी लाज मला कॅमेरा लावला तेव्हाही वाटली नव्हती.

डावात हरलो फक्त दीड हजार. साडेनऊ हजार थँक्यूत गेले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

परतीच्या बसमध्ये. कालचं एक लिहायचं राहिलं.

बोटीवरून उतरून आम्ही धक्क्यावर बसलो. उरलेले नऊ हजार साधनाच्या पर्समध्ये. तिला आधी हसू आवरेना. "एकोणीस येळा थँक्यू," असं म्हणायची आणि पुन्हा हसायची. मग मलाही हसू आलं. हसून झाल्यावर रडायला आलं, तेही लिहून ठेवतो, इथे कोण बघतंय.

मी म्हणालो, "मशीन असणार, हे तुला ठाऊक होतं?"

"वाटत व्हतं."

"मग वीस हजार घेऊन आलीस कशाला?"

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "कॅमेरा लागला तवापासून तुमी अर्धी भाकर खात व्हता. कुणी हाक मारली तर वळून बघत नव्हता. पत्ते आले आन् तुमी माज्याशी भांडाया लागला. दोन म्हैने रोज जेवला, बोलला. दवाखान्यात ह्याच्या दुप्पट गेले असते. मी वीस धरलेच व्हते. त्यातले नऊ वाचले."

मला वाटत होतं की तिला माझं गणित पटलं. दोन महिने मी तिच्यासमोर बसून पानं मोजत होतो आणि ती माझ्या भाकरी मोजत होती.

मी म्हणालो, "पण मी मोजायला चुकलो नाही."

"न्हाईच चुकला," ती म्हणाली. "मी बी मोजत व्हते. शेवटाला तेरा व्हते."

माझेही तेरा होते.

७ डिसेंबर, रविवार

वारूळवाडीत रस्त्याकडेची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, बाहेर साधनाच्या नावाचा फलक. मी मोटारसायकलवर गावोगावची सँपल आणणार आणि रिपोर्ट पोचवणार. शेठने निरोप धाडलाय, फेब्रुवारीत गाळ्यावर ये, काय तरी बघू. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आज पहिलं गिऱ्हाईक. आंबेगावच्या डोंगरातल्या अंबाबाई, भातकापणी उरकून एसटीने आलेल्या, आठ दिवसांचा ताप. साधनाने रक्त घेतलं, दोन काचा रंगवल्या, एक पेशी मोजायला, एक मलेरिया बघायला, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि थांबली.

"काय झालं?"

"मोजायचं यंत्र न्हाई. ते जुन्या लॅबचं व्हतं. नवं पुढच्या आठवड्यात येतंय." डोळा तसाच ठेवून म्हणाली, "तुमी धरा आकडे. मी जातीचं नाव घेते. पाच जाती. समद्या मिळून शंभर झाल्या की थांबायचं."

खिशात गोव्याहून परत आलेले चिंचोके होते. ते टेबलावर काढले. अंबाबाई कौतुकाने बघत होत्या.

"न्यूट्रो," साधना म्हणाली.

मी ओठ मिटून घेतले. सवयीने.

तिने डोळा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "म्हणा की. हितं काय उतरतं न्हाई. हितं समदं चढतंच."

"लाभ," मी म्हणालो.

"न्यूट्रो."

"दोन."

"लिम्फो."

लिम्फोचाही पहिला. त्यालाही लाभ म्हणालो. मग ती बोलत गेली आणि मी पाचही आकडे धरत गेलो. वीस झाले की एक चिंचोका बाजूला. पाचवा चिंचोका ठेवला आणि म्हणालो, "बास." पाचही आकडे सांगितले. साधनाने कागदावर बेरीज केली, शंभर आली. तरी तिने काच सरकवून पुन्हा एकदा, मनातल्या मनात, सगळं मोजलं. मी वाट बघत बसलो.

मग तिने माझेच आकडे रिपोर्टच्या कागदावर उतरवले आणि दुसऱ्या काचेसाठी हात पुढे केला.